ब्लॉक आधी पाठवा, तिकिटाचं नंतर पाहू

प्रश्न थोडक्यात असा : बहिणीला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. पहिल्या प्रयोगशाळेने हर-टू (गाठीतल्या पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह असा अहवाल दिला, तर दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेने पॉझिटिव्ह. कोणाचं खरं मानायचं? तिला उपचारासाठी परदेशी न्यावं का? आणि देशोदेशीचे डॉक्टर मिळून काम करतात असं जे आपण ऐकतो, त्याचा एका रुग्णाला नेमका उपयोग काय?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी बहुतेक कारकीर्द स्तनाच्या गाठींच्या स्लाईड वाचण्यात गेली. बरीच वर्षं मी निरनिराळ्या देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर ट्यूमर बोर्डावर, म्हणजे एकेका रुग्णाचा उपचार मिळून ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, बसते आहे. तुमच्या प्रश्नातली काळजी मला समजते, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून. तिकीट काढू नका. बहिणीच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) कुठे आहे ते शोधा आणि तो तिसऱ्या, भरवशाच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला पाठवा. ती होईपर्यंत बाकीची तयारी थांबवू नका. हृदयाची तपासणी, स्कॅन, सर्जनची भेट हे सगळं चालू राहू द्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात स्तनाची शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका आधीच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे दोन-तीन आठवडे नीट खात्री करून घ्यायला हरकत नाही, पण मतं गोळा करण्यात तीन महिने घालवणं परवडणारं नाही.

आता दोन अहवाल वेगळे का आले ते पाहू. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं एक प्रथिन. सुमारे १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत ते प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं. अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅब आणि त्याच्या जातीच्या औषधांचा मोठा फायदा होतो. बाकीच्यांना ट्रास्टुझुमॅब देऊन खर्च होतो, हृदयावर ताण येण्याची शक्यता असते आणि हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे अहवालातली ही एकच ओळ पुढच्या वर्षभराचा उपचार ठरवते. ही तपासणी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री पद्धतीने, म्हणजे त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिद्रव्य वापरून ऊतक रंगवून, होते. पेशींच्या कडेला रंग किती गडद चढला आणि किती पेशींवर चढला ते डोळ्यांनी पाहून ०, १+, २+ किंवा ३+ असा अंक देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला की निर्णय तिथे होत नाही, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावी लागते. तुमच्याकडचे दोन्ही अहवाल पुन्हा वाचा. पहिल्यात २+ लिहून फिश न करताच निगेटिव्ह म्हटलं आहे का? तसं असेल तर दोन देशांत मतभेद झालेलाच नाही. पहिली तपासणी अर्धवट राहिली, इतकंच.

दोन्हीकडे तपासणी पूर्ण झाली असेल, तर ऊतकाचा प्रवास पाहावा लागतो. गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंतचा वेळ तासाभराच्या आत असायला हवा, आणि फॉर्मलिनमध्ये ती किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. रुग्णालयाच्या कोपऱ्यात गाठ तशीच पडून राहिली, सुट्टी आली, फॉर्मलिन कमी भरलं, काप न देता मोठा गोळा तसाच बुडवला, की प्रथिनं खराब होतात आणि नंतरची कितीही महागडी यंत्रणा ती परत आणू शकत नाही. ईआर (इस्ट्रोजेनचे ग्राहक) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक) या हार्मोनच्या तपासण्यांनाही हेच लागू आहे. माझ्या टेबलावर अवघड म्हणून आलेल्या कितीतरी केसमध्ये रोग सरळ होता. घोळ झाला होता तो पहिल्या दोन तासांत, आणि जगातल्या उत्तम पॅथॉलॉजिस्टलाही तो निस्तरता आला नसता.

याशिवाय एकाच गाठीचे दोन भाग वेगळे असू शकतात. एका प्रयोगशाळेकडे सुईने काढलेला बारीक तुकडा गेला आणि दुसरीकडे शस्त्रक्रियेतली पूर्ण गाठ, तर दोघांनीही खरं तेच लिहिलेलं असेल. मधल्या काळात केमो झाली असेल तरीही निकाल बदलू शकतो. म्हणून दोन अहवाल समोर ठेवताना माझा पहिला प्रश्न असतो : दोघांनी तपासलेला ब्लॉक एकच होता का? त्याचा क्रमांक दोन्ही कागदांवर असतो. तो जुळवून पाहायला पॅथॉलॉजिस्ट असावं लागत नाही.

देशोदेशीचं सहकार्य खऱ्या अर्थाने कुठे दिसतं हे इथेच सांगायला हवं, कारण त्याची बातमी कधी होत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी हर-टू तपासणीची पहिली संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की त्या काळी होणाऱ्या तपासण्यांपैकी सुमारे २० टक्के चुकीच्या असू शकतात. हे उघडपणे मान्य झालं, म्हणून पुढची सुधारणा होऊ शकली. ब्रिटनमधली नेक्वास आणि डेन्मार्कमधली नॉर्डिक्यूसी या संस्था अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना एकाच ऊतकाचे काप पाठवतात. प्रत्येकीने ते आपल्या पद्धतीने रंगवायचे, परत पाठवायचे, आणि तज्ज्ञ त्यांना गुण देतात. कोणतं प्रतिद्रव्य वापरलं, किती उष्णता दिली, चूक कुठे झाली, हे सगळं कळवलं जातं. तिसरी प्रयोगशाळा निवडताना तिच्या नावापेक्षा ती अशा बाह्य गुणवत्ता चाचणीत नियमित भाग घेते का, ते विचारा. चांगल्या प्रयोगशाळेला या प्रश्नाचा राग येत नाही.

जिथे पॅथॉलॉजिस्टच नव्हते तिथे तर या सहकार्याने निदानाचा पायाच घातला. मलावीच्या लिलाँग्वे शहरात २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या भागीदारीतून प्रयोगशाळा सुरू झाली आणि दर आठवड्याला स्लाईडची चित्रं पडद्यावर ठेवून दोन्हीकडचे डॉक्टर मिळून निदान ठरवू लागले. रवांडातल्या बुटारो इथे २०१२ साली कर्करोग केंद्र उघडलं, तेव्हा सुरुवातीला ऊतकं बॉस्टनला जात. पुढे तिथेच प्रयोगशाळा उभी राहिली. मला या दोन उदाहरणांत एक गोष्ट फार मोलाची वाटते. परदेशी तज्ज्ञ येऊन आठवडाभर शस्त्रक्रिया करून गेले, असं हे नव्हतं. स्थानिक तंत्रज्ञ आणि डॉक्टर तयार होत गेले. पाहुणे परतल्यावर काम बंद पडणार असेल, तर पुढच्या महिन्यात येणाऱ्या रुग्णाला त्याचा काय उपयोग?

आता ब्लॉक पाठवण्याबद्दल. जिथे तपासणी झाली त्या रुग्णालयाकडून लेखी अर्ज करून ब्लॉक मिळतो. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर सगळे एकदम पाठवू नका, एक तरी मूळ ठिकाणी राहू द्या. पार्सल हरवलं तर ते ऊतक पुन्हा मिळणार नाही. ब्लॉक द्यायला रुग्णालय तयार नसेल तर त्याचे न रंगवलेले काप मागा, पण ते ताजे कापलेले असावेत. सहा आठवड्यांहून जुन्या कापांवर या तपासण्या भरवशाच्या राहत नाहीत. मेण उष्णतेने मऊ पडतं, त्यामुळे उन्हाळ्यात थंड पिशवी घालून पाठवा. सोबत मूळ अहवालाची संपूर्ण प्रत हवी. मॅमोग्राफी आणि एमआरआय यांची मूळ डिजिटल फाइल डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या स्वरूपात हवी. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो मला दरवेळी परत पाठवावा लागतो, कारण त्यात बारीक कॅल्शियमचे कण दिसतच नाहीत. आणि एक कागद तुम्ही स्वतः लिहा : गाठ कधी लागली, बायोप्सी कधी झाली, कोणतं औषध कधी सुरू झालं, पाळी चालू आहे की थांबली, कुटुंबात कोणाला काय झालं. त्या कागदाच्या शेवटी एकच नेमका प्रश्न असू द्या. 'मत द्या' असं लिहून आलेल्या फाइलला गुळगुळीत उत्तर मिळतं. 'हर-टू ३+ आहे की नाही, आणि असल्यास शस्त्रक्रियेआधी औषध द्यावं का' असं विचारलं तर उत्तरही तसंच नेमकं येतं.

मॅमोग्राफीच्या अहवालाबाबत धास्ती कमी आहे, कारण बायरॅड्स या अहवाल लिहिण्याच्या ठरावीक पद्धतीतली ० ते ६ ही वर्गवारी १९९० च्या दशकापासून रूढ होत होत आता अनेक देशांत वापरली जाते. ४ किंवा ५ लिहिलेलं असेल तर बायोप्सी हवी, आणि ३ असेल तर कमी मुदतीत पुन्हा तपासणी. ही वर्गवारी जिथे वापरतात तिथे कुठेही गेलात तरी हे तेच राहील.

परदेशात वेगळा, जास्त चांगला उपचार मिळेल का, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत योजना तीच निघते, कारण ती योजना मुळात अनेक देशांनी मिळून शोधलेली आहे. ट्रास्टुझुमॅबचंच घ्या. ब्रुसेल्समधून चालणाऱ्या ब्रेस्ट इंटरनॅशनल ग्रुपच्या हेरा या औषध-चाचणीत ३९ देशांतल्या ५,१०२ महिला सामील झाल्या. त्यात येणाऱ्या प्रत्येकीच्या गाठीची हर-टू तपासणी जर्मनीतल्या कासल इथल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा होत असे. तुमच्या बहिणीसाठी मी जे सुचवते आहे, तीच पायरी. २००५ मध्ये निष्कर्ष आले : केमोनंतर वर्षभर हे औषध घेतल्याने रोग परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. याच चाचणीने पुढे असंही दाखवलं की दोन वर्षं दिल्याने एका वर्षापेक्षा जास्त फायदा होत नाही. कोणत्याही एका देशाला इतक्या वेळात इतक्या रुग्ण मिळाल्या नसत्या.

टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीची गोष्ट तर त्याहून मोठी आहे. एकेका चाचणीत फायदा दिसे, पण पुसटसा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ऑक्सफर्डमधल्या गटाने जगभरातल्या चाचण्यांचा कच्चा तपशील, एकेका रुग्णाचा, एकत्र मागवून मोजायला सुरुवात केली. संशोधक आपला तपशील सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, तरी शेकडोंनी तो दिला. त्यातून निघालं की ईआर पॉझिटिव्ह रोगात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ही गोळी जुनी आहे, स्वस्त आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नव्या औषधाच्या शोधात परदेशी जायला निघालेली आणि ही गोळी मात्र दोन वर्षांत सोडून दिलेली रुग्ण पाहिली की मला फार वाईट वाटतं.

या सहकार्याने महिलांना जे दिलं त्यात मला सर्वांत मोठं वाटतं ते म्हणजे उपचार कमी करण्याचं धैर्य. पूर्वी पूर्ण स्तन आणि छातीचे स्नायू काढले जात. मिलानमध्ये व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जननी १९७० च्या दशकात स्वतंत्रपणे चाचण्या सुरू केल्या आणि २००२ साली दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले : योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते. २०१८ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक महिलांच्या टेलरएक्स चाचणीने दाखवलं की हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेतल्या लसिका गाठींत न पसरलेल्या रोगात, रोग परत येण्याचा धोका सांगणाऱ्या २१ जनुकांच्या चाचणीचा गुणांक मधला आला तर बहुतेकींना केमोची गरज नसते. पन्नाशीच्या आतल्या महिलांबाबत थोडा अपवाद आहे, तो डॉक्टरांना जरूर विचारा. रेडिएशन पाच आठवडे चालत असे. ते आधी तीन आठवड्यांवर आलं, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २६ ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक) मात्रा पाच बैठकांत, एका आठवड्यात देता येते असं दाखवलं. महासाथीच्या काळात अनेक देशांनी ती पद्धत लगेच उचलली. ज्या बाईला रोज दूरवरून यावं लागतं तिला पंचवीस खेपांऐवजी पाच खेपा म्हणजे उपचार पुरा करता येणं.

म्हणून परदेशातल्या डॉक्टरांनी 'तुमच्याकडे सांगितलं तेच बरोबर आहे' असं कळवलं, तर पैसे वाया गेले असं समजू नका.

मग देशादेशांत जगण्याच्या प्रमाणात एवढा फरक का? कॉनकॉर्ड या अभ्यासाच्या २०१८ च्या अहवालानुसार निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ९० टक्क्यांच्या आसपास होतं आणि भारतात सुमारे ६६ टक्के. या दरीचा मोठा भाग औषधांच्या नावांत नाही. रुग्ण उशिरा येते, आल्यावर निदानाला उशीर होतो, आणि सुरू झालेला उपचार मध्येच तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनकर्करोगासाठी जो जागतिक उपक्रम सुरू केला, त्याचे तीन आकडे याच तीन ठिकाणांवर बोट ठेवतात : किमान ६० टक्के रुग्णांचं निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात व्हावं, डॉक्टरांकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि किमान ८० टक्के रुग्णांनी ठरलेला उपचार पूर्ण करावा. हे साधलं तर २०४० पर्यंत २५ लाख मृत्यू टळू शकतात असा अंदाज आहे.

ज्ञान एकाच दिशेने वाहतं असंही नाही. मुंबईत दीड लाखाहून अधिक महिलांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडलेला दिसला, आणि पन्नाशीपुढच्या महिलांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. जिथे प्रत्येकीला मॅमोग्राफी देणं शक्य नाही अशा सगळ्या देशांसाठी हा पुरावा आहे.

जनुकांच्या तपासणीबद्दल थोडं सावध करते, कारण तुमच्या बहिणीला तीही सुचवली जाईल. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकात रोगकारक बदल सापडला तर तिच्या उपचारावर आणि तुमच्या स्वतःच्या तपासणीवरही परिणाम होतो. पण अहवालात 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असं लिहून आलं, तर त्यावरून दुसरा स्तन किंवा अंडाशय काढण्याचा निर्णय घेऊ नका. हा शेरा युरोपीय वंशाबाहेरच्या रुग्णांत जास्त दिसतो, कारण जुना तपशील मुख्यतः युरोपीय कुटुंबांचा आहे. एनिग्मासारखे आंतरराष्ट्रीय गट अनेक देशांतली कुटुंबं एकत्र करून अशा एकेका बदलाचा अर्थ लावत आहेत, आणि शेरे पुढे बदलतात, बहुतेक वेळा निरुपद्रवी या बाजूला. वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारणं तुमच्याच हिताचं आहे.

परदेशी जाणं कधी योग्य ठरतं, तेही सांगते. तिच्या रोगाला नेमकी लागू पडणारी औषध-चाचणी दुसऱ्या देशात चालू आहे आणि तिला त्यात प्रवेश मिळतो आहे, हे एक कारण. आवश्यक औषध आपल्या देशात मंजूरच नाही, हे दुसरं. हर-टू औषधासाठी मात्र आज हे कारण फारसं उरलेलं नाही. ट्रास्टुझुमॅब २०१५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या बायोसिमिलरला (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून मान्यता, दिली. बायोसिमिलर म्हणजे हलक्या प्रतीचं औषध ही भीती मनातून काढा.

जायचंच ठरलं, तर निघण्याआधी परतीची व्यवस्था लेखी घ्या. केमोच्या पहिल्या फेरीनंतर साधारण आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी कमी होतात आणि रात्री ताप चढला तर तासाभरात प्रतिजैविकं सुरू करावी लागतात. त्या रात्री कोणत्या दारात जायचं, तिथल्या डॉक्टरांकडे तिची कागदपत्रं असतील का, औषधाची पुढची मात्रा कोण देणार, दर तीन महिन्यांनी हृदयाची तपासणी कुठे होणार, हे सगळं नावानिशी ठरलेलं असावं. ज्यांनी हे ठरवलं नाही अशा रुग्णांच्या उपचारात पडलेले खंड मी पाहिले आहेत, आणि ट्रास्टुझुमॅबच्या दोन मात्रांमधलं अंतर लांबलं तर जादा मात्रेने पुन्हा सुरुवात करावी लागते. तिथल्या आणि इथल्या डॉक्टरांचं एकदा तरी थेट बोलणं घडवून आणा. व्हिडिओवर वीस मिनिटं पुरतात, आणि बहुतेक डॉक्टर याला आनंदाने तयार होतात.

फेरतपासणीत हर-टू ३+ आला किंवा फिश पॉझिटिव्ह निघाली, आणि गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी असली किंवा काखेत पसरली असली, तर शस्त्रक्रियेआधी औषधं देण्याचा विचार होतो. म्हणून शस्त्रक्रिया अजून झाली नसेल तर ब्लॉक याच आठवड्यात निघू द्या, आणि तुम्ही फेरतपासणी मागवली आहे हे सर्जनना आजच कळवा.